बंद गाडी आणि बॉनेटखालचे पोटभाडेकरू

वाचकांचे प्रश्न : वाहन

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून मुलुंड पूर्वेला राहतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीकडे अमेरिकेला जाणार आहोत आणि दिवाळीच्या तोंडावर परत येऊ. आमची सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक तोपर्यंत सोसायटीच्या इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये उभी राहील. गेल्या वर्षी दोन महिने गावी गेलो होतो, तेव्हा बॅटरी उतरली आणि उंदरांनी हेडलाइटची वायर कुरतडली. या वेळी वॉचमनकडे किल्ली देऊन रोज पाच मिनिटे गाडी चालू करायला सांगावे का? बॉनेटमध्ये डांबरगोळ्या किंवा तंबाखूची पाने ठेवली की उंदीर येत नाहीत असे सगळे सांगतात. त्यात किती तथ्य आहे?

उत्तर : वॉचमनला किल्ली देऊ नये. रोज पाच मिनिटे इंजिन चालवल्याने गाडी ‘जिवंत’ राहते ही समजूत मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आढळते, पण त्याने लाभापेक्षा हानीच अधिक होते. स्टार्टर एका झटक्यात बॅटरीतून बराच प्रवाह ओढतो, आणि जागच्या जागी मंद गतीने फिरणारे इंजिन तो पाच मिनिटांत धड भरून काढत नाही. शिवाय एवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे जळणातून तयार झालेली वाफ बाहेर न पडता सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन साचते, आणि पावसाळ्यातल्या हवेत ते सुकतही नाही. वॉचमनकडे वाहन चालवण्याचा परवाना नसेल आणि गाडी मागेपुढे करताना कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनीशी होणारा पत्रव्यवहार आपल्याला परदेशातून करावा लागेल.

भाचा, पुतण्या किंवा विश्वासातला शेजारी दर दहा-बारा दिवसांनी गाडी अर्धा तास खरोखर रस्त्यावर काढणार असेल, मुलुंडहून ऐरोलीला जाऊन परत येण्याइतका फेरा मारणार असेल, तर त्यासारखे उत्तम काही नाही, आणि मग पुढचे निम्मे उत्तर वाचायचीही गरज नाही. इंजिन तापते, बॅटरी भरते, टायर फिरतात, ब्रेकवरचा गंज घासून जातो आणि बॉनेटखाली बिऱ्हाड थाटू पाहणाऱ्याला दर पंधरवड्याला उठवले जाते. तसे कुणी नसेल, किंवा ‘जमेल तेव्हा नेतो’ असे म्हणणारा असेल, तर गाडी पूर्ण बंद करणेच योग्य.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. किल्ली काढून घेतली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, सुरक्षा यंत्रणा आणि छोटे संगणक थोडा प्रवाह घेतच असतात. तो 40 मिलिअँपिअर धरला तर दिवसाला सुमारे 1 अँपिअर-तास होतो. आपल्या हॅचबॅकची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असेल, म्हणजे तीन आठवड्यांतच ती इंजिन फिरवण्याच्या लायकीची राहत नाही आणि महिन्याभरात रिकामी होते. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो, आणि मग ती पुन्हा चार्ज करूनही पूर्वीसारखी होत नाही. गेल्या वर्षी आपल्या बॅटरीचे हेच झाले असावे. म्हणून निघण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करून घ्यावी (स्थिर अवस्थेत 12.6 व्होल्ट किंवा थोडे अधिक दिसले पाहिजेत) आणि ऋण टर्मिनल सोडवून कापडात गुंडाळून बाजूला ठेवावे. बहुतेक गाड्यांत 10 नंबरचा पाना पुरतो. परत आल्यावर ते घट्ट बसवावे. एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात : बॅटरी सोडवल्यावर रिमोट चालत नाही आणि काही गाड्यांची डिकीही उघडत नाही. त्यामुळे धातूच्या किल्लीने चालकाचा दरवाजा उघडतो याची खात्री आधी करून घ्यावी, आणि डिकीत काही राहिले असेल तर तेही आधीच काढावे.

हॅन्डब्रेक ओढून ठेवू नये. दमट हवेत ब्रेकशू ड्रमला चिकटतात आणि चार महिन्यांनी गाडी पुढे सरकतच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. विटा वापरू नयेत, त्या ओल्या होऊन फुटतात. टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय हवा जास्त भरावी, मात्र टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. टाकी ऑटो कट-ऑफपर्यंत भरावी. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. टाकीत रिकामी जागा जितकी कमी, तितकी आत शिरणारी ओली हवा कमी. ऑइल बदलण्याची वेळ जवळ आली असेल तर निघण्यापूर्वीच बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्ले आणि ओलावा चार महिने इंजिनच्या आतल्या भागांना चिकटून बसतात.

गाडी धुवावी, आतून व्हॅक्यूम करावी आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पूर्ण सुकू द्यावी. ओल्या मॅटवर दरवाजे बंद केले की आत बुरशीची शेती होते. स्टीअरिंग, सीटबेल्ट आणि छताचे कापड यांच्यावरचा पांढरट-हिरवा थर मुंबईकरांना सांगायला नको. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे घरच्या कपाटासाठी मिळतात, त्यांतले दोन पायाशी ठेवावेत. ते पाण्याने भरतात, म्हणून कलंडणार नाहीत अशा जागी ठेवावेत. प्लास्टिकचे जाड आवरण घालू नये, कारण त्याखाली वाफ कोंडते. शिवाय जमिनीपर्यंत लोंबणारे आवरण म्हणजे उंदरांसाठी अंधाराचा मांडवच असतो. स्टिल्टमध्ये पाऊस थेट पडत नसल्याने धूळ अडवणारे पातळ सुती आवरण पुरे, आणि तेही चाकांच्या वरपर्यंतच असावे.

आता उंदरांकडे वळू, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे.

उंदीर आपल्या गाडीत वायर खायला येत नाही. तो निवारा शोधत येतो. पावसाळ्यात घुशींची आणि उंदरांची बिळे पाण्याने भरतात, तेव्हा ते कोरड्या, अंधाऱ्या आणि कुणी न हलवणाऱ्या जागी चढतात. बंद गाडीचे बॉनेट म्हणजे नेमकी तशीच जागा. तिथे राहायला आल्यावर तो जवळ असलेले काहीही कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवणे ही त्याची गरज असते. वायर केवळ हाताशी, खरे तर दाताशी, असते एवढेच. एकदा हे लक्षात घेतले की कोणते उपाय उपयोगाचे आणि कोणते केवळ मनाच्या समाधानाचे, हे आपोआप वेगळे होते.

माझ्या स्वतःच्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण मी काही वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर उघडले, तेव्हा आत फिल्टरच्या पन्हाळीत एक पूर्ण घरटे होते. बॉनेटच्या आतल्या करड्या कापसाचे तुकडे, बिस्किटाच्या पुड्याचा चुरगळलेला कागद आणि मुठीएवढे भाजलेले चणे. चणे माझ्या गाडीतले नव्हते. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज सकाळी कबुतरांना चणे टाकत असत आणि कबुतरे सोडून देत ते उंदीर वर आणून साठवत होते. मी दोन हंगाम डांबरगोळ्या बदलत बसलो होतो, आणि खरा दोष गाडीपासून वीस पावलांवर होता.

म्हणून सुरुवात पार्किंगपासून करावी. कचऱ्याचे डबे झाकलेले आहेत का, कुत्र्या-मांजरांसाठी ठेवलेले अन्न रात्रभर उघडे राहते का, गटाराची जाळी तुटली आहे का, पाइपच्या डक्टमधून वरून खाली वाट आहे का, हे पाहावे. शक्य असेल तर भिंतीला खेटून असलेली किंवा कचऱ्याजवळची जागा सोडून उजेडाची जागा मागावी. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, उघड्यावरून जायला कचरतो. घुशींची बिळे दिसत असतील तर सोसायटीने आपल्या ‘टी’ विभाग कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी बिळांत औषध टाकतात आणि रात्री उंदीर मारण्यासाठी त्यांची वेगळी माणसेही असतात. एकट्या सदस्याच्या तक्रारीपेक्षा सचिवांच्या सहीच्या पत्राला वजन असते.

आपल्या पार्किंगमध्ये उंदीर फिरतो की नाही, हे जाण्यापूर्वी पाहण्याची एक घरगुती युक्ती आहे. रात्री चारही चाकांभोवती पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर गाळणीने पसरावा. पीठ वापरू नये, ते त्यांचे जेवण होईल. सकाळी त्यात चिमुकली पावले उमटलेली दिसतात आणि मधून शेपटीची एक बारीक ओढलेली रेघ असते. ती कोणत्या चाकाकडे जाते हे पाहिले की वर चढण्याची वाट कळते, कारण उंदीर टायर आणि सस्पेन्शनवरूनच चढतात.

ती वाट कळल्यावर जाळीचे काम करून घ्यावे. एअर फिल्टरच्या नळीचे तोंड आणि वायपरखालची केबिनमध्ये हवा घेणारी जागा या दोन ठिकाणी 6 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची स्टीलची जाळी लावता येते. उंदराच्या पिल्लाला बोटाएवढे भोक पुरते, म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या छिद्रांची जाळी चालत नाही, आणि प्लास्टिकची तर ते एका रात्रीत फस्त करतात. इंजिनखालचे प्लास्टिकचे आवरण तुटले किंवा मेकॅनिकने ‘नंतर लावू’ म्हणून काढून ठेवले असेल, तर ते आधी बसवून घ्यावे. नेमके हेच आवरण अर्ध्या गाड्यांत गायब असते. वायरिंगच्या उघड्या जुड्यांवर लवचीक नळीचे वेष्टण चढवून घ्यावे. त्याने उंदीर थांबत नाही, पण त्याचे दात तांब्यापर्यंत पोहोचायला उशीर होतो. एसी रिसर्क्युलेशनवर ठेवून गाडी बंद करावी म्हणजे बाहेरच्या हवेची झडप मिटलेली राहते. काचा पूर्ण वर असाव्यात. ग्लोव्ह बॉक्समधला प्रसाद, मुलांच्या सीटखालचे बिस्किटांचे तुकडे, टिश्यूचा डबा, डिकीतली जुनी चादर हे सारे घरात न्यावे. घरट्यासाठी कापड आणि कागद त्यांना अन्नाइतकाच प्रिय असतो.

आता डांबरगोळ्या आणि तंबाखू. बंद कपाटात डांबरगोळीचा वास कोंडतो म्हणून ती किड्यांवर चालते. बॉनेट खालून उघडे असते, तिथे तो वास उडून जातो आणि राहिलेला एसीवाटे आपल्या नाकात येतो. तो आरोग्याला बरा नाही, विशेषतः लहान मुलांना. टॅक्सीवाले बांधतात ती तंबाखूची पुरचुंडी ताजी असेपर्यंत काही दिवस उंदराला लांब ठेवतही असेल, पण सुकलेले पान चार महिने पहारा देत नाही, आणि परतल्यावर ती न काढता इंजिन सुरू केले तर गरम भागांवर सुकी पाने राहतात. बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्यांचेही तेच : रोज वापरात असलेल्या गाडीला दर आठवड्याला मारला तर थोडा उपयोग होतो. अल्ट्रासॉनिक आवाजाची यंत्रे तर मी सरळ नाकारतो. उंदीर त्या आवाजाला थोड्याच दिवसांत सरावतात. अशा यंत्रांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार असला पाहिजे, असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच साठहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना दिला होता. शिवाय आपली बॅटरी सोडवलेली असणार, मग ते यंत्र चालणार कशावर?

गाडीत किंवा गाडीखाली विष ठेवू नये. रक्त पातळ करणारे विष खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तो आपल्या ब्लोअरमध्ये मेला तर डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय वास जात नाही. मेलेला उंदीर खाऊन मांजर आणि घुबडही दगावते, आणि उंदरांचे खरे शत्रू तेच आहेत. त्यापेक्षा पार्किंगच्या भिंतीलगत पिंजरा ठेवावा, निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचे दार बांधून उघडे ठेवावे आणि आत कांदाभजी किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा नुसताच खाऊ द्यावा. मग दार लावावे. सापडलेला उंदीर शेजारच्या सोसायटीच्या फाटकाशी सोडण्याची जी प्रथा आहे तिच्याविषयी मी काही लिहीत नाही, एवढेच की शेजारच्या सोसायटीकडेही पिंजरे असतात.

विमा आणि पीयूसी यांच्या तारखाही पाहाव्यात. आपण नसताना पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तर नो क्लेम बोनस जातो.

प्रश्न : मी गिरगावात राहतो. दोन महिन्यांनी बॉनेट उघडले तर बॅटरीच्या मागे घरटे, सगळीकडे लेंड्या आणि दोन-तीन वायरी तुटलेल्या दिसल्या. मेकॅनिक म्हणतो, टेप लावून सुरू करून पाहू. काय करावे?

उत्तर : सुरू करून पाहू नये. उंदराने इंधनाची रबरी नळी कुरतडली असेल तर पेट्रोल सांडून ठिणगीने आग लागू शकते. प्रथम गाडीखाली ओल आहे का आणि पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे, ऋण टर्मिनल सोडवावे आणि काहीही हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. उंदरांनी केलेले नुकसान धरले जाते की नाही, हे पॉलिसीच्या कलमांवर अवलंबून असते, आणि दुरुस्ती आधी केली तर सर्व्हेअरला पाहायला काही उरत नाही. गाडी ओढून न नेता सपाट ट्रकवर चढवून न्यावी. इंजिनच्या सेन्सरची वायर टेपने जोडली तर पहिल्याच पावसात तिथे हिरवा गंज चढतो. जोड झाळून किंवा दाबून, वर उष्णतेने आवळणारी नळी घालूनच झाला पाहिजे, आणि जुडगाच कुरतडला असेल तर तो बदलावा.

घरटे साफ करताना निष्काळजीपणा नको. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाल्यानंतरच्या आठवड्यांत या रोगाने मुंबईत काय केले ते आपल्याला आठवत असेल. रबरी हातमोजे आणि मास्क घालावा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण घरट्यावर आणि लेंड्यांवर शिंपडून दहा मिनिटे थांबावे, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाकावे. सुके असताना झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नये, त्याने धूळ नाकात जाते. ब्लीच वायरिंगच्या जोडांवर आणि ॲल्युमिनियमवर पडू देऊ नये. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर न पाहता फेकून नवा घालावा. हातापायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावे, आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना उंदरांचा संबंध आवर्जून सांगावा.

प्रश्न : आमचा मुलगा कॅनडात विनिपेगला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तो बोरिवलीला आमच्याकडे येणार असून त्याची गाडी तिथल्या घराच्या गॅरेजमध्ये राहील. मुंबईचे नियम तिथे चालतील का?

उत्तर : बॅटरी, टाकी, टायर आणि उंदीर यांबाबतीत बरेचसे चालतील, कारणे मात्र बदलतात. तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, म्हणून निघण्यापूर्वी गाडीचा तळ स्वच्छ धुऊन सुकवणे हे तिथले पहिले काम. कूलंट किती थंडीपर्यंत गोठणार नाही हे तपासून घ्यावे. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर सुमारे उणे 37 अंशांपर्यंत संरक्षण मिळते, आणि विनिपेगचा जानेवारी पाहता त्यापेक्षा पातळ मिश्रण चालणार नाही. काच धुण्याचे पाणीही हिवाळी मिश्रणाचे असावे. बॅटरीचे तर दुप्पट महत्त्व आहे : पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल तिथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले जवळजवळ पाण्यासारखे होऊन शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते आणि डबा फुटतो. गॅरेजमध्ये विजेचा प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून ठेवणे सर्वांत सोपे.

पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पडून राहिलेले पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) टाकल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते नळ्यांपर्यंत पोहोचते. हे काम गॅरेजचे दार उघडून, गाडी बाहेर काढून करावे, कारण बंद गॅरेजमध्ये साठणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. तिथे थंडी सुरू झाली की उंदीर उबेसाठी आत येतात. त्यांच्यातल्या डिअर माऊसच्या विष्ठेतून हंताविषाणू पसरू शकतो, म्हणून गिरगावच्या वाचकांना सांगितलेली ओल्या सफाईची पद्धत तिथेही पाळावी. सायलेन्सरच्या तोंडात काही जण स्टीलचा काथ्या कोंबतात. त्यात गैर काही नाही, पण त्याला लांब लाल फीत बांधावी आणि ‘सायलेन्सर मोकळा करा’ अशी चिठ्ठी स्टीअरिंगला लावावी. तीन महिन्यांनी लांबच्या विमानप्रवासाहून परतलेल्या माणसाला ते आठवत नाही.